राक्षस कीं माणूस?
गुन्हाशास्त्रांतील कांहीं मूलभूत कल्पना

एखाद्या भयंकर खुनाची किंवा स्त्रीवरील अत्याचाराची वार्ता गांवांत आली, म्हणजे लोकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘राक्षस’ हा. त्या शब्दांत संताप आहे, आणि संताप योग्यही आहे. परंतु विचाराच्या दृष्टीनें या शब्दांत एक मोठा धोका आहे. राक्षस म्हटला कीं तो माणसांतला राहिला नाहीं. त्याचे डोळे लाल असावयाचे, दांत बाहेर यावयाचे आणि वस्ती दूर अरण्यांत असावयाची. मग शेजारच्या वाडींत राहणारा, रोज रिक्षा चालविणारा, सणावाराला घरीं येणारा इसम या वर्णनांत बसत नाहीं, आणि ज्याच्याविषयीं सावध असावयाचें तोच नजरेआड होतो. गुन्हाशास्त्र नांवाचें जें शास्त्र गेल्या दीड शतकांत वाढलें, त्याची पहिली शिकवण हीच, कीं भयंकर कृत्यें करणारा हा माणूसच असतो. तो कसा वागतो, कोणाला गांठतो आणि इतके दिवस सांपडत कां नाहीं, याचा विचार शांतपणें करितां येतो आणि केलाच पाहिजे.

हें शास्त्रही चुका करीत करीतच येथवर आलें आहे. १८७६ सालीं इटलींतील सेझारे लोंब्रोझो या वैद्यानें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कांहीं माणसें जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटीच्या, जबड्याच्या व कानांच्या ठेवणीवरून तीं ओळखितां येतात, असें त्याचें मत होतें. पुढें चार्ल्स गोरिंग या इंग्रज वैद्यानें सुमारें तीन हजार कैद्यांचीं मापें घेतलीं आणि १९१३ सालीं तें मत निराधार ठरविलें. आपल्या देशांत तर लोंब्रोझोच्याही आधीं, १८७१ सालीं, ब्रिटिश सरकारनें कायदा करून कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविलें होतें. पारधी व इतर जमातींनीं तो कलंक पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं हा कायदा रद्द केला. परंतु चोरी झाली कीं प्रथम पारध्यांच्या पालांकडे बोट दाखविण्याची संवय कायद्याबरोबर गेली नाहीं. चेहऱ्यावरून वा जातीवरून गुन्हेगार ओळखूं पाहणें म्हणजे निरपराध्याला छळणें आणि खऱ्या अपराध्याला मोकळें सोडणें होय.

आतां खुनांच्या मालिकेची कल्पना पाहूं. अनेक माणसें मारलीं गेलीं म्हणजे सर्व प्रकार सारखेच, असें नव्हे. एकाच वेळीं एकाच ठिकाणीं अनेकांना मारणें हा सामूहिक हत्येचा प्रकार. न थांबतां एका जागेहून दुसऱ्या जागीं मारीत सुटणें हा दुसरा. आणि एक खून करून थांबणें, नित्याच्या व्यवहारांत मिसळून जाणें, कांहीं दिवसांनीं, महिन्यांनीं किंवा वर्षांनीं पुनः खून करणें हा तिसरा. यालाच मालिका-हत्या म्हणतात. जर्मनींतील ड्युसेलडोर्फ शहरीं पेटर क्यूर्टेन यानें जे खून केले, त्यांच्याविषयीं लिहितांना एर्न्स्ट गेन्नाट या पोलीस अधिकाऱ्यानें १९३० सालीं ‘मालिका-खुनी’ अशा अर्थाचा शब्द वापरला. २००५ सालीं अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्यानें भरविलेल्या परिषदेंत एक साधी व्याख्या पुढें आली : त्याच गुन्हेगारानें वा गुन्हेगारांनीं निरनिराळ्या प्रसंगीं दोन किंवा अधिक माणसांची बेकायदा हत्या करणें. या व्याख्येंत हेतूचा उल्लेख नाहीं, आणि तो मुद्दामच नाहीं. कारण हेतु नाना प्रकारचे असतात.

महाराष्ट्रांतील दोन प्रकरणें शेजारीं ठेविलीं म्हणजे हें स्पष्ट होतें. १९६५–६६ सालीं मुंबईच्या पूर्व उपनगरांत रात्रीं झोंपड्यांतून व उघड्यावर निजलेल्या गरिबांवर हल्ले झाले. एकोणीस जणांवर घाला पडला आणि त्यांपैकीं नऊ दगावले. रामन राघव नांवाचा, पूर्वीं दरोड्याच्या शिक्षेंत तुरुंग पाहिलेला एक निराधार माणूस पोलिसांनीं त्या वेळीं पकडला होता. परंतु पुरावा नसल्यामुळें त्याला सोडावें लागलें. १९६८ सालीं उत्तरेकडील उपनगरांत तोच प्रकार पुनः सुरू झाला. आतां तपासाचीं सूत्रें रमाकांत कुलकर्णी या अधिकाऱ्याच्या हातीं होतीं. २७ ऑगस्ट १९६८ रोजीं ॲलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकानें छायाचित्रावरून राघवला ओळखून अटक केली, आणि बोटांच्या ठशांनीं त्याची ओळख पक्की झाली. येथें एवढें आठवावें कीं ठशांचें पहिलें कार्यालय १८९७ सालीं आपल्याच देशांत, कलकत्त्यास, निघालें आणि त्या पद्धतीच्या उभारणींत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वांटा होता.

राघवनें पुढें चाळिसाच्या आसपास खुनांची कबुली दिली. परमेश्वराच्या, सरकारच्या व अदृश्य शक्तींच्या आज्ञांचें त्याच्या मनांत एक स्वतंत्र जग होतें. तो वेडा होता काय? या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचें उत्तर एक आणि कायद्याचें दुसरें असूं शकतें. १८४३ सालीं इंग्लंडांत मॅकनॉटन नांवाच्या माणसानें पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाचा खून केला. त्या खटल्यावरून जो नियम निघाला, तोच आपल्या दंडविधानांत ८४ वें कलम होऊन आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत २२ वें कलम म्हणून राहिला आहे. आरोपी आजारी आहे काय, एवढेंच कायदा विचारीत नाहीं. आपण काय करितों आहों, किंवा जें करितों तें चूक वा बेकायदा आहे, हें कळण्याची शक्ति त्या क्षणीं त्याच्या ठिकाणीं होती काय, हें विचारतो. सत्र न्यायालयानें राघवला फांशीची शिक्षा दिली. त्यानें अपील केलें नाहीं. परंतु उच्च न्यायालयानें मानसोपचारतज्ज्ञांचें मंडळ नेमलें. त्याचा जुनाट मनोविकार बरा होण्यासारखा नाहीं असें दिसून आल्यावर १९८७ सालीं शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत तो वारला.

दुसरें प्रकरण पुण्याचें. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळांत तेथें दहा खून झाले. जोशी आणि अभ्यंकर या कुटुंबांच्या नांवानें तीं हत्याकांडें आजही ओळखिलीं जातात. त्या दिवसांत पुण्यांत दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत असत. लोकांना वाटलें, कोणी वेडा सुटला आहे. प्रत्यक्षांत निघाले ते टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे चार विद्यार्थी : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. शिकलेलीं, मित्रमंडळींत वावरणारीं, हातांत कुंचला धरणारीं तीं मुलें होतीं. त्यांना आवाज ऐकूं येत नव्हते. त्यांना पैसा हवा होता, आणि साक्षीदार उरूं द्यावयाचा नव्हता. २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास चौघांना फांशी झाली. एकीकडे राघवसारखा भ्रमिष्ट, दुसरीकडे थंड डोक्यानें बेत रचणारे तरुण. व्याख्या एकच, मनें निराळीं. म्हणून ‘असे सर्व खुनी वेडे असतात’ हें जितकें चूक, तितकेंच ‘कोणीच वेडा नसतो’ हेंही चूक.

तपासाच्या कामीं आणखी दोन कल्पनांतील भेद महत्त्वाचा आहे. गुन्हा पार पाडण्यासाठीं व पकडलें न जाण्यासाठीं गुन्हेगार जें करितो ती त्याची कार्यपद्धति. अनुभवानें ती बदलते व सुधारते. परंतु गुन्ह्याला आवश्यक नसलेली, केवळ त्याच्या मनाची भूक भागविणारी एखादी गोष्टही कित्येक जण पुनः पुनः करितात; ती त्याची खूण, जणूं त्याची सही. पद्धत बदलली म्हणून माणूस दुसरा, असा निष्कर्ष घाईनें काढूं नये. गुन्हास्थळावरून ‘व्यवस्थित’ व ‘अव्यवस्थित’ अशी गुन्हेगारांची विभागणी अमेरिकेंत एके काळीं फार गाजली. परंतु ती छत्तीस कैद्यांच्या मुलाखतींवर आधारलेली होती. डेव्हिड कँटर या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें २००४ सालीं ती तपासली, तेव्हां माणसें अशा दोन कप्प्यांत नीट बसत नाहींत असें दिसलें. तर्कानें दिशा मिळते, पण शिक्षा पुराव्यावरच व्हावयास हवी.

या सर्व कल्पनांत कोंकणच्या माणसानें विशेष ध्यानांत धरावी अशी एक आहे. स्टीव्हन एगर या अमेरिकन अभ्यासकानें १९८४ सालीं तिला नांव दिलें. मराठींत तिला ‘दुवा न दिसणें’ म्हणतां येईल. एका ठाण्याच्या दप्तरीं एक बेवारस प्रेत, दुसऱ्या ठाण्यांत एक बेपत्ता मुलगी, तिसऱ्यांत आणखी एक. आणि तिन्ही कागद एका टेबलावर कधींच येत नाहींत. प्रत्येक घटना एकटी वाटते, आणि मालिका अदृश्य राहते.

हें गोमंतकांत घडलें. फोंडें तालुक्यांतील शिरोडें येथील महानंद नाईक हा रिक्षाचालक. एप्रिल २००९ मध्यें तो पकडला गेला, तेव्हां १९९४ पासूनच्या सोळा स्त्रियांच्या खुनांची कबुली त्यानें दिल्याचें पोलिसांनीं सांगितलें. लग्न न जमलेल्या, गरीब घरच्या मुलींशीं तो खोटें नांव सांगून ओळख करी, लग्नाचें वचन देई, आणि आपल्या घरच्या मंडळींना भेटावयाचें आहे, दागिने घालून ये, असें सांगे. मग एकान्तांत नेऊन तिच्याच ओढणीनें गळा आवळी आणि सोनें सोनाराला विकी. पंधरा वर्षें हें चाललें, आणि तेंही गोव्यासारख्या लहानशा प्रदेशांत! कांहीं खटल्यांत त्याला जन्मठेप झाली. परंतु कित्येकांत पुराव्याअभावीं तो सुटला, कारण इतक्या वर्षांनंतर पुरावा उरणार कोठून?

पोलिसांची ढिलाई हें याचें एक कारण खरेंच. परंतु दुसरें कारण समाजाच्या मनांत होतें. मुलगी घरून दागिने घालून निघाली आणि परतली नाहीं, म्हणजे ‘ती कोणाबरोबर तरी गेली’ असें गांव ठरवून टाकतो. ‘वाच्यता नको, धाकटीचें लग्न व्हावयाचें आहे’ असें घर म्हणतें. अशा रीतीनें खुन्याला जें मौन हवें असतें, तें त्याला फुकट मिळतें. एगरनेंच आणखी एक बोचक शब्दप्रयोग केला : समाज ज्यांची जिवंतपणींच गणती कमी करितो, त्यांचें मरणही कमी मरण ठरतें. मुंबईचे पदपथावर निजणारे, गोव्याच्या हुंड्यावांचून राहिलेल्या मुली, हीं सर्व अशीं ‘कमी मेलेलीं’ माणसें. १९९० ते १९९६ या काळांत अंजना गावित व तिच्या दोन मुली यांनीं महाराष्ट्राच्या निरनिराळ्या शहरांतून तेरा मुलें पळविलीं व त्यांपैकीं कित्येकांचा जीव घेतला; तीं मुलेंही बहुतेक गरिबाघरचीं, गर्दींतून उचललेलीं होतीं. स्त्रिया असें करणार नाहींत, हा समजही त्या प्रकरणानें खोटा ठरविला.

आतां स्त्रीवरील अत्याचाराकडे वळूं. अनावर वासनेचा हा झटका, अशी लोकसमजूत आहे. निकोलस ग्रोथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें अशा शेंकडों अपराध्यांचा अभ्यास करून १९७९ सालीं दाखवून दिलें कीं या कृत्यांत वासना हें बहुधा साधन असतें. मूळ प्रेरणा असते ती सत्ता गाजविण्याची, राग काढण्याची, आणि थोड्या जणांत दुसऱ्याच्या यातनेंत सुख मानण्याची. हें पटलें म्हणजे ‘तिनें कपडे कसे घातले होते’, ‘ती त्या वेळीं तेथें कां गेली’ हे प्रश्न निरर्थक ठरतात. दुसरी समजूत अशी कीं धोका असतो तो अंधाऱ्या रस्त्यावरील अनोळखी माणसाचा. सरकारी गुन्हेनोंदी वर्षानुवर्षें उलटें सांगत आल्या आहेत : नोंदलेल्या बलात्कारांच्या शंभर प्रकरणांत नव्वदांहून अधिक वेळां आरोपी हा पीडितेच्या ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, कामावरचा वरिष्ठ, लग्नाचें वचन देणारा. आणि नोंद होते ती सर्व गुन्ह्यांची नव्हे. उरलेला भाग अंधारांतच राहतो.

संमति म्हणजे काय, हा प्रश्न महाराष्ट्रानेंच सबंध देशापुढें आणिला. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज पोलीस ठाण्यांत एका अल्पवयी आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनीं अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानें आरोपींना सोडलें, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें दोषी धरलें, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुनः सोडलें. अंगावर जखमा नाहींत, आरडाओरड नाहीं, त्याअर्थीं संमति होती, असा तो तर्क. १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चौघां अध्यापकांनीं सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून विचारलें, कीं निमूटपणें सोसणें म्हणजे संमति देणें होय काय? त्या पत्रानंतर देशभर स्त्रियांचीं आंदोलनें उभीं राहिलीं. १९८३ सालीं कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीनें ‘माझी संमति नव्हती’ असें सांगितल्यास न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें ठरलें. पीडितेचें नांव प्रसिद्ध करणें हाही गुन्हा झाला. २०१३ सालीं न्यायमूर्ति वर्मा समितीच्या अहवालानंतर संमतीची व्याख्याच कायद्यांत लिहिली गेली : ती स्पष्ट व स्वेच्छेची हवी, आणि शरीरानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून ती मानितां येणार नाहीं.

मग उपाय काय? १९७९ सालींच कोहेन व फेल्सन या दोन समाजशास्त्रज्ञांनीं मांडलेलें एक सूत्र फार उपयोगी आहे. गुन्हा घडावयास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : गुन्ह्याला प्रवृत्त झालेला माणूस, त्याला सोयीचें लक्ष्य, आणि राखणदाराचा अभाव. पहिली गोष्ट समाजाच्या हातीं फारशी नाहीं. दुसरीवर जोर दिला, म्हणजे मुलींनाच घरांत कोंडून ठेवण्याची पाळी येते, आणि घर हेंच धोक्याचें ठिकाण असेल तर तोही उपाय फसतो. तिसरी गोष्ट मात्र पूर्णपणें समाजाच्या हातीं आहे. राखणदार म्हणजे केवळ पोलीस नव्हे. बसथांब्यावरील दुकानदार, शाळेंतील शिक्षक, आरोग्यकेंद्रांतील परिचारिका, वाडींतील म्हातारी, हे सर्व राखणदारच.

लांज्यासारख्या तालुक्याचा विचार करावा. मुंबई-गोवा रस्ता त्याच्या मधून जातो; सकाळीं मुंबईकडचा माणूस येतो आणि सायंकाळीं गोव्याकडे निघून जातो. वाड्या डोंगरउतारावर दूर दूर विखुरलेल्या, घरचा कर्ता बहुधा मुंबईस नोकरीला, घरांत म्हातारीं माणसें, स्त्रिया आणि मुलें. येथें प्रत्येक वळणावर पोलीस उभा करणें शक्य नाहीं. परंतु कोण आलें, कोण गेलें, कोणाची मुलगी चार दिवस दिसली नाहीं, हें गांवाला ठाऊक असतें. प्रश्न एवढाच, कीं तें ज्ञान चावडीवरच्या कुजबुजींत विरून जातें, कीं ठाण्याच्या नोंदवहींत उतरतें.

म्हणून कांहीं गोष्टी घराघरांत माहीत असाव्यात. बेपत्ता माणसाची तक्रार देण्यास चोवीस तास थांबावें लागतें, ही समजूत खोटी आहे. कायद्यांत तसा नियम नाहीं. गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला असला तरी अशी तक्रार जवळच्या ठाण्यानें नोंदवून घेतलीच पाहिजे. अत्याचारग्रस्त स्त्रीवर सरकारी वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयानें विनामूल्य उपचार करणें बंधनकारक आहे. अंगावरचे कपडे धुऊं नयेत; ते कागदांत गुंडाळून जपून ठेवावेत, कारण पुढें तेच साक्ष देतात. संकटकाळीं ११२ हा क्रमांक फिरवावा. आणि पीडितेचें नांव चघळूं नये, कारण तो गुन्हाही आहे आणि पापही.

आपल्याकडे ‘अब्रू’ हा शब्द फार मोठा मानितात. परंतु चोर घरांत शिरला म्हणून घरवाल्याची अब्रू गेली, असें कोणी म्हणत नाहीं. चोराची गेली असेंच म्हणतात. अत्याचाराच्या बाबतींत मात्र हा न्याय उलटा होतो आणि ज्यानें लाजावयाचें तो मान वर करून हिंडतो. शिरोड्याचा तो रिक्षावाला पंधरा वर्षें याच उलट्या न्यायाच्या आडोशानें जगला. एखाद्या घरची मुलगी संध्याकाळीं परतली नाहीं, तर शेजाऱ्यांनीं ‘कोणाबरोबर गेली?’ हा प्रश्न गिळून टाकावा आणि तिच्या बापाबरोबर त्याच रात्रीं ठाण्याची वाट धरावी. सोळांपैकीं पहिलीच्या वेळीं एवढें झालें असतें, तर कदाचित् उरलेल्या पंधरा जणी आपल्या घरीं असत्या.